लेखक का लिहितो : मुलांना हे शिकवावे कसे?

धडा वाचून झाला की मराठी शाळेत एक ठरलेला प्रश्न येतो : या धड्यातून काय बोध मिळतो? इसापनीतीच्या आणि पंचतंत्राच्या तात्पर्यांपासून चालत आलेला हा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरेही ठरलेली आहेत. खरे बोलावे, झाडे लावावीत, वडीलधाऱ्यांचे ऐकावे. ‘लेखकाने हे का लिहिले असेल?’ हा प्रश्न वरवर पाहता त्याच्यासारखाच वाटतो, म्हणून अनेक वर्गांत दोन्हींना एकच उत्तर दिले जाते. प्रत्यक्षात दोन्हींत मोठे अंतर आहे. बोध वाचणाऱ्याने घ्यायचा असतो, हेतू लिहिणाऱ्याचा असतो. रेशन दुकानावरच्या पाटीतून, बडबडगीतातून किंवा रेल्वेच्या वेळापत्रकातून कसलाही बोध मिळत नाही, पण त्या प्रत्येकामागे कोणाचा तरी हेतू असतो. बोध विचारला की मूल मजकुराच्या शेवटाकडे पाहते. हेतू विचारला की त्याला मजकुरामागच्या माणसाकडे पाहावे लागते, आणि अवघड काम तेच आहे.

अवघड अशासाठी की, लहान मुलाला तो माणूस दिसतच नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या लेखी पुस्तक शाळेत मिळते, दुकानात मिळते. कोणीतरी बसून ते लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले हे त्याच्या मनात येण्याचे कारण नसते. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हा पडदा आणखी जाड होतो. तिथे छापलेले सगळे खरे असते आणि परीक्षेत तसेच्या तसे लिहायचे असते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातल्या इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिऑन या संशोधकांनी १९९०च्या दशकात यावर एक पद्धत बसवली. तिचे नावच ‘लेखकाला प्रश्न विचारणे’ असे आहे. मजकूर वाचून संपेपर्यंत न थांबता मध्येच थांबायचे आणि मुलांना विचारायचे : लेखकाला इथे काय म्हणायचे आहे? त्याने ते नीट सांगितले आहे का? हेच आत्ता का सांगितले? लिहिणारा माणूस असतो, त्याचे सांगणे कधी अपुरे राहते, कधी गोंधळाचे होते, हे मुलांना आधी कळावे, असा यामागचा विचार आहे. ज्या मुलाला धडा कळत नाही ते एरवी स्वतःलाच ‘ढ’ समजते. दोष कधी मांडणीचाही असू शकतो हे समजले की ते प्रश्न विचारू लागते.

हेतूंचे प्रकार सांगताना अमेरिकी प्राथमिक शाळांत तीन खाने शिकवले जातात : मन वळवणे, माहिती देणे, करमणूक करणे. सुरुवातीला ही विभागणी सोयीची आहे, पण तिच्यावर थांबले तर मुले प्रत्येक मजकुरावर एक शिक्का मारून मोकळी होतात. भारतीय परंपरेत याहून भरदार यादी आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्याची सहा प्रयोजने सांगितली. यश मिळवणे, धन मिळवणे, व्यवहार कळणे, अशुभ टळणे, वाचताक्षणी मिळणारा उच्च आनंद, आणि प्रिय व्यक्तीने समजूत घालावी तसा गोड उपदेश. यश म्हटले की मम्मट कालिदासाचे नाव घेतो, संकटनिवारण म्हटले की सूर्याची स्तुती रचणाऱ्या मयूर कवीचे. या यादीत काही प्रयोजने लिहिणाऱ्याची आहेत, काही वाचणाऱ्याची, आणि पैसा हे कारण मम्मटाने संकोच न करता इतरांच्या बरोबरीने मांडले आहे. मुलांपासून ते लपवण्याचे काही कारण नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर यांना लेखणीतून पैसे मिळत होते आणि त्यांच्या पुस्तकांनी कित्येक मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली ‘मी का लिहितो’ हा निबंध लिहून स्वतःची कारणे मांडली, तेव्हा अहंकार हे कारण त्यांनी उघडपणे नोंदवले. त्याच्या जोडीला सौंदर्याची ओढ, इतिहास नोंदवण्याची इच्छा आणि राजकीय हेतू होते.

मम्मटाच्याच मांडणीतला आणखी एक भाग वर्गात फार उपयोगी पडतो. सांगण्याच्या तीन तऱ्हा त्याने केल्या आहेत : वेद धन्यासारखा हुकूम करतात, पुराणे मित्रासारखा सल्ला देतात, आणि काव्य प्रेयसीसारखे मन वळवते. चौथीच्या मुलांना नावे सांगण्याची गरज नाही. ‘गवतावर चालू नये’ ही पाटी, ‘उन्हाळ्यात घ्यायची काळजी’ हा लेख आणि झाडाची गोष्ट, हे तिन्ही समोर ठेवून कोण हुकूम करते, कोण सल्ला देते आणि कोण आपल्याला नकळत वळवते एवढे विचारले तरी मुले बरोबर ओळखतात.

हेतू ओळखायचा तर खुणा हव्यात. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मजकूर कोणासाठी लिहिला आहे ती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी आणि एकात मराठी. एक अक्षरही न वाचता केवळ पानाच्या मांडणीवरून सहावी-सातवीतली मुले पुष्कळ काही सांगू शकतात : हा संपादक दोन प्रकारच्या वाचकांशी बोलतो आहे, एकाला दुसऱ्याची भाषा आणि विचार कळावेत असे त्याला वाटते. दुसरी खूण काळाची. तिसरी, छापले कुठे त्याची. चौथी खूण मुलांना सर्वांत उशिरा दिसते : लेखकाने काय सांगितले नाही.

ही चौथी खूण दाखवण्यासाठी एकाच घटनेवरचे चार मजकूर पुरतात. ते शिक्षकांनी स्वतः तयार करावेत आणि घटना मुलांच्या ओळखीची असावी. समजा, गावात सकाळी पावणेसातला येणारी एसटी बंद झाली. बसस्थानकावरची सूचना अशी असेल : ‘प्रवाशांना कळविण्यात येते की, अपुऱ्या भारमानामुळे सदर फेरी पुढील आदेशापर्यंत रद्द करण्यात येत आहे.’ आगार व्यवस्थापकांना पालकांनी दिलेला अर्ज असा : ‘सदर फेरी बंद झाल्याने तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या २३ विद्यार्थिनींचे शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी फेरी पूर्ववत सुरू करावी, ही नम्र विनंती.’ वर्तमानपत्रातल्या बातमीचा मथळा : ‘एसटी बंद; विद्यार्थिनींची चार किलोमीटर पायपीट’. आणि एका मुलीच्या वहीत : ‘आज वैशू आली नाही. एवढ्या अंधारात चालत जायला तिची आई नको म्हणाली. मी एकटीच गेले. ओढ्याजवळ पळत सुटले.’

चारांपैकी एकही मजकूर खोटा नाही. सूचनेत माणूस कुठेच नाही. फेरी ‘रद्द करण्यात येत आहे’, पण कोण करते ते वाक्यात नाही, आणि मुले हे क्रियापद दोनदा वाचल्यावर स्वतःच हेरतात. अर्जात आकडा आहे, कारण अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वरती आकडाच दाखवावा लागतो. बातमीत ‘पायपीट’ हा शब्द आहे. ‘चालणे’ लिहिले असते तर वाचक पुढच्या बातमीकडे वळला असता. वहीत आकडा नाही, अंतर नाही, मैत्रिणीचे नाव आहे आणि ओढा आहे. यानंतर वर्गात एक अदलाबदल करून पाहावी. वहीतले ‘ओढ्याजवळ पळत सुटले’ हे वाक्य अर्जात घातले तर? काही मुले म्हणतात अर्ज लेचापेचा होईल, काही म्हणतात अधिकाऱ्याला त्यानेच कळेल. दोन्ही बाजूंना कारणे देता येतात. इथे कोणाचे बरोबर हे ठरवण्याची घाई शिक्षकांनी करू नये. वाक्य तेच राहूनही जागा बदलताच त्याचे काम बदलते, हे मुलांच्या हाती लागले की तास सार्थकी लागला.

मोठ्या वर्गांत खऱ्या लेखकांकडे वळावे, आणि त्यातही लेखनाला कारण झालेली घटना ठाऊक असलेल्या लेखकांकडे आधी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वयाने आपल्याएवढ्या मुलीने लिहिले, ही गोष्ट आठवी-नववीच्या वर्गाला एकदम जवळची वाटते. परीक्षेत गुण मिळवण्यासाठी निबंध लिहायचा असतो, अशी ज्यांची समजूत झाली आहे त्यांना निबंधाचे दुसरे प्रयोजन इथे प्रत्यक्ष दिसते. तिला जे भोगावे लागत होते ते लिहिल्यावाचून इतरांना कळणारच नव्हते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली होती आणि त्यावरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रियांच्या वर्तनावर शेरे मारले जात होते. ताराबाईंचा राग कोणावर आहे, त्या कोणाला उत्तर देत आहेत, हे या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही. ती सांगितली की पुस्तकाचा चढा स्वर आपोआप उलगडतो.

हेतू नेहमी इतका उघड नसतो. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली काढलेल्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’. त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी सांगते; बालपण, सासर, वैधव्य. आठवड्याला एक हप्ता वाचणाऱ्या घरांना पुढे काय झाले याची ओढ लागे आणि त्या ओढीबरोबर विधवेच्या वाट्याला येणारे आयुष्य घरात शिरे. इथे ‘करमणूक’ या खान्यात कादंबरी टाकणारे मूल चुकत नाही, पण अर्धेच सांगते. त्याला पुढचा प्रश्न विचारावा : करमणुकीच्या आडून आपट्यांना कोणते काम साधायचे होते?

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांची गोष्ट मुलांना हमखास आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव बनवले होते. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळाले. नारळीकर तेव्हा जगभर नाव असलेले शास्त्रज्ञ होते, म्हणजे मम्मटाने सांगितलेले यश त्यांच्याकडे आधीच होते आणि इथे तर त्यांनी ते मुद्दाम बाजूला ठेवले. मग लिहिले कशासाठी? मुले दोन-तीन उत्तरे देतात : विज्ञान लोकांपर्यंत जावे म्हणून, आपली कथा नावाशिवाय टिकते का ते पाहायला, आणि लिहावेसे वाटले म्हणून. शेवटचे उत्तर कच्चे समजून सोडून देऊ नये. कित्येक लेखकांच्या बाबतीत तेच पहिले कारण असते.

सर्वांत जास्त घाईने उत्तर दिले जाते ते ‘श्यामची आई’बद्दल. आईवर प्रेम करावे हे शिकवण्यासाठी, असे मुले सांगतात आणि पुढे जातात. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यांची आई १९१७ साली, ते सतरा वर्षांचे असताना गेली होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडून ते १९३० साली सत्याग्रहात उतरले होते. एवढी माहिती फळ्यावर लिहिल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तरे बदलतात. तुरुंगात आईची आठवण आली असेल. आईला पुन्हा भेटायचे असेल. पुस्तकाची रचना पाहिली तर आणखी एक धागा सापडतो : संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो आणि त्या आठवणींत त्याच्या स्वतःच्या चुकाही येतात. अमळनेरला छात्रालयाचे काम पाहताना गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. म्हणजे मुलांना रोज काहीतरी सांगायचे ही त्यांची जुनी सवय होती. तुरुंगात समोर छात्रालयातली मुले नव्हती, तरी सांगणे थांबले नाही. यातले कोणते कारण पहिले आणि कोणते दुसरे, हे ठरवण्याची गरज नाही. एका पुस्तकामागे तीन-चार कारणे एकत्र नांदू शकतात, हे कळण्यासाठी याहून चांगले मराठी उदाहरण मिळणे कठीण.

काही वेळा एकाच पुस्तकात दोन माणसांचे हेतू असतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिकत लिहून काढली, पण ‘माझा प्रवास’ छापले गेले ते गोडसे यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, वैद्यांचे संस्कार होऊन. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. भटजींना आपल्यावर गुजरलेले सांगायचे होते, वैद्यांना इतिहास जपायचा होता आणि ब्रिटिश सरकारची नजरही सांभाळायची होती.

पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक धड्याची स्थिती थोडीफार अशीच असते आणि वर्गात ती क्वचितच उघड केली जाते. लेखकाने मूळ पुस्तक एका कारणासाठी लिहिलेले असते. त्यातली चार पाने निवडून धडा करणाऱ्या मंडळाचे कारण वेगळे असते. महाराष्ट्रात १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’च्या पुस्तकांत धड्याच्या आरंभी लेखकाचा छोटा परिचय आणि शेवटी स्वाध्याय असतो. परिचय लेखकाकडे नेतो, स्वाध्याय मंडळाच्या हेतूकडे. ‘हा उतारा आपल्या पुस्तकात का घेतला असेल?’ हा प्रश्न सातवीपासून विचारावा. तो विचारल्याने पाठ्यपुस्तकाचा मान कमी होत नाही.

शाळेबाहेरच्या मजकुरात हेतू लपवण्याचे कसब फार पुढे गेले आहे. बातमीसारखी मांडणी केलेल्या जाहिराती, वैद्यकीय सल्ल्याच्या वेषातली औषधांची विक्री, ‘दहा जणांना पाठवा’ असे बजावणारे व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड. अशा मजकुरांसाठी वेगळे तंत्र लागत नाही. एसटीच्या चार मजकुरांना विचारलेले प्रश्नच विचारायचे. कोणी लिहिले? नाव नसेल तर का नसेल? मी हे खरे मानले तर कोणाला काय मिळेल? मुले दूध-पावडरच्या किंवा साबणाच्या जाहिरातींवर फार लवकर तरबेज होतात. अवघड जातात ती देशाच्या, धर्माच्या, आरोग्याच्या नावाने आलेली फॉरवर्ड, कारण ती घरातल्या मोठ्यांकडून आलेली असतात. तिथे पाठवणाऱ्या मावशी-काकांचा हेतू आणि मूळ लिहिणाऱ्याचा हेतू वेगळे करून दाखवले तर मुलाला घरच्यांना खोटे न ठरवता शंका घेता येते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. १९४६ सालीच अमेरिकी समीक्षक विम्सॅट आणि बिअर्ड्सली यांनी एक निबंध लिहून असे मांडले की, लेखकाचा हेतू नेमका कळणे शक्य नसते आणि साहित्यकृतीचे मोल ठरवताना तो गरजेचाही नसतो. शाळेत इतके टोक गाठू नये, पण इशारा खरा आहे. जात्यावरच्या ओव्यांना एक लेखक नाही. दळण सरावे, मन मोकळे व्हावे, माहेरची आठवण निघावी म्हणून बायकांनी त्या गायिल्या आणि पुढच्या पिढीने त्यात भर घातली. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. छापण्याचा हेतू त्यांचा नव्हताच. म्हणून मुलांना ‘लेखकाचा हेतू अमुक आहे’ असे ठासून सांगायला न शिकवता ‘असा असावा, कारण…’ अशा वाक्याची सवय लावावी.

वाचून जे कळते त्याहून पक्के लिहून कळते. पत्रलेखनाच्या प्रश्नात ‘मा. मुख्याध्यापक’ असे लिहून मुले जे पत्र लिहितात ते कोणालाच पोचत नाही, म्हणून त्यात हेतूही नसतो. वर्षातून दोन-तीन तरी पत्रे खरोखर पाठवावीत : बंद पडलेल्या नळाबद्दल ग्रामपंचायतीला, आवडलेल्या पुस्तकाबद्दल लेखकाला, बदली झालेल्या बाईंना. मराठी शाळांत हस्तलिखिताची जुनी प्रथा आहे. ते केवळ स्नेहसंमेलनात मांडण्यासाठी न करता प्रत्येक लेखाखाली ‘हे मी का लिहिले’ अशा दोन ओळी मुलांकडून घ्याव्यात. पहिल्या वर्षी बहुतेक ओळी ‘बाईंनी सांगितले म्हणून’ अशा असतात, आणि तेही खरेच कारण आहे. दुसऱ्या वर्षापासून बाकीची कारणे दिसू लागतात.

इयत्तांचा क्रम साधारण असा ठेवता येतो. दुसरीपर्यंत मुखपृष्ठावरचे नाव वाचणे आणि गोष्ट कोण सांगते ते ओळखणे पुरे. तिसरी ते पाचवीत हुकूम, सल्ला आणि गोष्ट यांतला फरक, एसटीसारखे सोपे मजकूर. सहावी ते आठवीत कोणासाठी आणि केव्हा या खुणा, एकापेक्षा जास्त हेतू, काय वगळले ते. नववी-दहावीत जाहिराती, फॉरवर्ड, संपादकाचा हेतू आणि ‘हेतू कळतो तरी का’ हा वाद. उत्तर तपासताना एका शब्दाच्या उत्तराला, मग ते ‘मनोरंजन’ असो वा ‘प्रबोधन’, थोडेच गुण द्यावेत. मजकुरातला एखादा शब्द किंवा मांडणी दाखवून मुलाने कारण दिले तर अर्धे गुण तिथेच. लेखकाचा काळ किंवा वाचक यांपैकी एकाचा संदर्भ जोडला तर उरलेले. एकाच मजकुराला वर्गातल्या दोन मुलांनी वेगळे हेतू दिले आणि दोघांनीही मजकुरातून आधार दाखवला, तर दोघांनाही पूर्ण गुण मिळायला हवेत.